विश्लेषण : बोट गेले, पण नोंद कुठे आहे? कामगारांच्या भरपाईचा कायदा पुराव्यावर कसा बदलतो?

तळोजा औद्योगिक वसाहतीतील पाळी सुटली की ओवे, ओवे कॅम्प आणि खारघरच्या टोकाकडच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये कामगार परततात. कुणी रसायनांच्या कारखान्यात, कुणी पोलादाच्या, कुणी मासळी प्रक्रिया केंद्रात, तर कुणी इमारतींच्या बांधकामावर. यातल्या एखाद्याचा हात यंत्रात सापडला, तर त्याला किती भरपाई मिळेल? कायद्याकडे त्याचे उत्तर दशांश चिन्हापर्यंत तयार आहे. ते उत्तर प्रत्यक्षात मिळेल का, हे मात्र कागद ठरवतो. तो कागद म्हणजे हजेरीपट, पगाराची स्लिप, अपघाताची नोंद. एका कामगाराच्या दाव्याला जो नियम लागू आहे, तोच देशाच्या धोरणालाही लागू आहे. जे मोजले गेले त्याबाबत कायदा बदलला आणि जे मोजले गेले नाही तिथे तो वर्षानुवर्षे थांबून राहिला.

सध्या कायदा कोणता आहे?

कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. तो १ जुलै १९२४ पासून अमलात होता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. मूळ तत्त्व तेच आहे. अपघात कामामुळे आणि काम सुरू असताना झाला असेल, तर मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळते.

दुसरी व्यवस्था कर्मचारी राज्य विमा योजनेची, म्हणजे ईएसआयची. ज्या कारखान्याला ही योजना लागू आहे, तिथे दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार विमाधारक असतो. कामावर अपघात झाला, तर त्याला मालकाकडून एकरकमी भरपाईऐवजी महामंडळाकडून उपचार, वेतनाच्या ९० टक्के दराने अपंगत्व लाभ आणि मृत्यू झाल्यास वारसांना मासिक रक्कम मिळते. हा लाभ नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो. २१ हजारांच्या वर वेतन असलेला किंवा योजनेच्या बाहेरच्या ठिकाणी काम करणारा कामगार भरपाईच्या कायद्याकडे जातो.

भरपाई कशी मोजतात?

सूत्र सोपे आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचे ५० टक्के गुणिले वयाचा गुणक. पूर्ण कायमस्वरूपी अपंगत्व आल्यास ६० टक्के गुणिले तोच गुणक. अवयव अंशतः गेला, तर त्या रकमेचा ठरावीक टक्का. १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टानुसार अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के, तर तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के कमी झाली असे मानले जाते.

समजा, ३० वर्षांच्या प्रेस ऑपरेटरचा अंगठा गेला. त्याच्या वयाचा गुणक २०७.९८ आहे. हिशेबासाठी वेतन १५ हजार धरले, तर पूर्ण अपंगत्वाची रक्कम १८ लाख ७१ हजार ८२० रुपये होते. अंगठ्याची भरपाई त्याच्या ३० टक्के, म्हणजे ५ लाख ६१ हजार ५४६ रुपये.

आता दुसरे उदाहरण. ३५ वर्षांचा फिटर, वेतन २२ हजार. म्हणजे तो ईएसआयच्या मर्यादेबाहेर आहे. अपघातात त्याचा मृत्यू झाला. गुणक १९७.०६. प्रत्यक्ष वेतन धरले तर भरपाई २१ लाख ६७ हजार ६६० रुपये व्हायला हवी. पण ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा १५ हजार रुपये ठरवण्यात आली. त्या मर्यादेने कुटुंबाच्या हाती १४ लाख ७७ हजार ९५० रुपये येतात. फरक ६ लाख ८९ हजार ७१० रुपयांचा आहे. हे पैसे कुणी बुडवलेले नाहीत. मर्यादा जुनी असल्यामुळे ते आपोआप वजा झाले.

ही मर्यादा इतकी मागे का राहते?

कारण ती कुठल्याही आकड्याशी बांधलेली नाही. डिसेंबर २००० मध्ये मर्यादा ४ हजार होती. ३१ मे २०१० रोजी ती ८ हजार झाली आणि २०२० मध्ये १५ हजार. म्हणजे साधारण दर दहा वर्षांनी एक उडी. दोन उड्यांच्या मधल्या काळात महागाई वाढत राहते, वेतन वाढत राहते, पण भरपाई जागीच असते.

याच महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी बदलतो. म्हणजे कामगाराला जिवंतपणी मिळणाऱ्या पैशाला महागाईचा पुरावा लागू पडतो, त्याच्या मृत्यूनंतर घरच्यांना मिळणाऱ्या पैशाला पडत नाही. नव्या संहितेतही वेतनाची ही मर्यादा केंद्र सरकारनेच अधिसूचनेने ठरवायची आहे. ती निर्देशांकाशी जोडली, तर दहा वर्षांची वाट पाहण्याची गरज उरणार नाही. त्यासाठी लागणारा आकडा सरकार दर महिन्याला स्वतःच प्रसिद्ध करते.

पुराव्याने कायदा खरोखर बदलतो का?

बदलतो, आणि त्याची जुनी उदाहरणे आहेत. अमेरिकेत क्रिस्टल ईस्टमन या वकील महिलेने पिट्सबर्ग परिसरातील १९०६-०७ या एका वर्षातील ५२६ कामगार मृत्यूंची एकेक करून नोंद केली. घरी जाऊन चौकशी केली. अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळेच होतात, असे तेव्हा सर्रास बोलले जाई. तिच्या नोंदींनी ते खोटे ठरवले. मृत विवाहित कामगारांच्या निम्म्याहून अधिक कुटुंबांना १०० डॉलर किंवा त्याहून कमी मिळाल्याचेही तिने दाखवले. तिचे पुस्तक १९१० मध्ये आले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने भरपाईचा कायदा केला. न्यायालयाने तो रद्द केला, तेव्हा राज्यघटना दुरुस्त करून तो पुन्हा आणला गेला.

आपल्याकडे १९२९ ते १९३१ या काळात रॉयल कमिशन ऑन लेबर देशभर फिरले. मुंबईचे कामगार नेते ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. कमिशनने मालक, कामगार, अधिकारी यांच्या साक्षी घेतल्या. त्यातून १९३३ ची दुरुस्ती झाली आणि कायद्याची व्याप्ती वाढली. पुढे प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. याच अहवालाच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आज ओव्यातल्या कामगाराच्या मोबाइलमध्ये जे ई-पहचान कार्ड असते, त्याचे मूळ त्या अहवालात आहे.

अपघात दिसतो, आजाराचे काय?

तिथे पुरावा आणखी अवघड होतो. तुटलेले बोट दिसते. कापसाची धूळ, सिलिका किंवा ॲस्बेस्टॉसने निकामी झालेले फुप्फुस दिसत नाही. आजार कळतो तेव्हा कामगार निवृत्त झालेला असतो किंवा गावी परतलेला असतो. डॉक्टर दमा किंवा क्षय म्हणून औषध देतात.

मुंबईतील एक उदाहरण इथे महत्त्वाचे आहे. डॉ. व्ही. मुरलीधर, विजय कान्हेरे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतील एका कापड गिरणीतल्या कामगारांची तपासणी करून बिसिनोसिस या आजारावरचा अभ्यास १९९५ मध्ये नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियात प्रसिद्ध केला. कापसाच्या धुळीमुळे होणारा हा श्वसनाचा आजार कायद्याच्या यादीत होताच. यादीत आजार असणे आणि अमुक कामगाराला तो आहे हे सिद्ध होणे, यात मात्र मोठे अंतर असते. २००५ मध्ये मुरलीधर आणि कान्हेरे यांनी मुंबईच्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातील कामगारांची एक्स-रे आणि श्वसनक्षमतेची तपासणी प्रसिद्ध केली. तपासलेल्यांपैकी पाचातल्या एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टॉसिस होता.

इथे पुरावा म्हणजे कामाचा इतिहास, छातीचा एक्स-रे आणि फुंकर तपासणी. तिन्ही गोष्टी महागड्या नाहीत. पण त्या मागणारा आणि जपून ठेवणारा कुणीतरी असावा लागतो.

सरकारी आकडे काय सांगतात?

कारखान्यांतील अपघातांचे देशभरातील आकडे केंद्राचे एक संचालनालय गोळा करते. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्था त्याचाच भाग आहे. या आकड्यांनुसार २०१७ ते २०२० या काळात नोंदणीकृत कारखान्यांत रोज सरासरी तीन कामगारांचा मृत्यू झाला आणि अकरा जण जखमी झाले. म्हणजे एका मृत्यूमागे साधारण चार जखमी.

आता ब्रिटनकडे पाहू. तिथे २०२३-२४ मध्ये कामावर १३८ कामगारांचा मृत्यू झाला आणि मालकांनी कळवलेल्या इजा ६१ हजार ६६३ होत्या. म्हणजे एका मृत्यूमागे सुमारे ४५० इजा. ब्रिटनच्या आकड्यांत सर्व क्षेत्रे येतात, आपल्या आकड्यांत फक्त नोंदणीकृत कारखाने. त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये साधारणपणे सात दिवसांहून अधिक काळ काम बुडवणारी इजा कळवावी लागते. आपल्या कारखाने कायद्यात ४८ तास काम बुडाले तरी कळवणे बंधनकारक होते. आपले जाळे अधिक बारीक, तरी त्यात मासे कमी.

आपल्या यंत्रांवर लोक फक्त मरतात, जखमी फारसे होत नाहीत, असे तर शक्य नाही. मृत्यू लपवणे कठीण असते, कारण पोलीस येतात, शवविच्छेदन होते. तुटलेले बोट मात्र खासगी दवाखान्यात टाके घालून, थोडे पैसे हातावर ठेवून मिटवता येते.

सेफ इन इंडिया ही संस्था वाहन उद्योगाच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत जखमी झालेल्या कामगारांसोबत काम करते आणि २०१९ पासून दरवर्षी 'क्रश्ड' हा अहवाल काढते. एकट्या गुरुग्राम परिसरात संस्थेपर्यंत पोहोचलेले जखमीच वर्षाला शेकड्यांनी असतात, हरियाणाचा अधिकृत आकडा मात्र त्याहून खूप लहान असतो, ही विसंगती या अहवालांनी समोर आणली. बहुतेकांची बोटे पॉवर प्रेसवर गेलेली असतात. अनेकांना ई-पहचान कार्ड मिळते ते अपघातानंतर, रुजू होण्याच्या दिवशी नाही.

नोंद कमी झाल्याने धोरणाचे काय बिघडते?

तीन गोष्टी बिघडतात. पहिली, कुठल्या यंत्रावर, कुठल्या पाळीत, कुठल्या वयाच्या कामगारांना इजा होते हे कळत नाही. मग तपासणी कुठे करायची हेही कळत नाही. दुसरी, अवयवांच्या नुकसानीचे जे टक्के परिशिष्टात आहेत, ते आजच्या कामाला लागू पडतात का, हे तपासता येत नाही. संगणकावर काम करणाऱ्याची तर्जनी आणि वेल्डरची तर्जनी यांची किंमत सारखी नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच एका सुताराच्या प्रकरणात हे सांगितले होते. डावा हात गमावलेला सुतार सुतारकाम करूच शकत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व १०० टक्के मानले गेले. तिसरी, अपघात कमी दिसतात, म्हणून भरपाईची मर्यादा वाढवण्याची निकडही दिसत नाही.

मालकाची बाजूही समजून घ्यायला हवी. नोंद केली की निरीक्षक येतो, नोटीस येते, कंत्राट अडचणीत येते. प्रामाणिकपणे नोंद करणाऱ्याला त्रास आणि लपवणाऱ्याला काहीच नाही, अशी व्यवस्था असेल तर नोंदी वाढणार नाहीत. म्हणून किरकोळ इजा स्वतःहून कळवणाऱ्याला शिक्षेऐवजी सल्ला द्यावा आणि लपवल्याचे उघड झाल्यास दंड कठोर असावा. ईएसआय रुग्णालयांत दाखल झालेल्या कामावरच्या इजा आणि कारखान्यांनी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवलेल्या इजा शेजारी शेजारी ठेवल्या, तरी बरेच काही उघड होईल. खोटे दावेही याच नोंदींमुळे टिकत नाहीत, हा मालकांचा फायदा.

कामावर जाता-येताना अपघात झाला तर?

ओव्यातून तळोज्याच्या रात्रपाळीला दुचाकीवर जाणाऱ्यांसाठी हा प्रश्न रोजचा आहे. अवजड वाहनांच्या गर्दीत अपघात झाला, तर तो कामावरचा धरायचा का?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणाने दिले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील साखर कारखान्याच्या एका पहारेकऱ्याची पाळी पहाटे ३ ते सकाळी ११ अशी होती. २२ एप्रिल २००३ रोजी कामावर जाताना, कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटर अंतरावर त्याचा अपघाती मृत्यू झाला. भरपाई आयुक्तांनी कुटुंबाला ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केले. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो आदेश रद्द केला. २८ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. अपघाताची वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध जुळत असेल, तर घर ते कामाचे ठिकाण या प्रवासातील अपघातही कामावरचाच, असे न्यायालयाने म्हटले. ईएसआय कायद्यात २०१० मध्ये अशीच तरतूद झाली होती. सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे.

कुटुंबाला २२ वर्षे लागली. पण निकाल टिकला कशावर, ते पाहा. पाळी किती वाजता होती, अपघात किती वाजता आणि कुठे झाला, या साध्या गोष्टींवर. पाळीची नोंदच नसती, तर हा संबंध जोडणे फार कठीण झाले असते.

नव्या संहितांमुळे पुरावा सोपा होईल का?

काही प्रमाणात होईल. कामगार सुरक्षेच्या संहितेनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. ठेकेदाराच्या माणसाला आजवर 'हा आमचा कामगारच नाही' हे वाक्य हमखास ऐकावे लागे. नियुक्तिपत्रामुळे त्याला तोंड देता येईल. ठरावीक वर्गातील कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी मोफत करण्याची तरतूदही आहे. ती गांभीर्याने झाली आणि अहवाल कामगाराच्या हाती पडला, तर धुळीच्या आजारांसाठी तोच सर्वात मोठा पुरावा ठरेल. कामगाराला रुजू होतानाच भरपाईच्या हक्काची लेखी माहिती त्याला समजणाऱ्या भाषेत द्यावी, अशी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीत आली होती. ती किती ठिकाणी पाळली गेली, हे कामगारांना विचारले तरी कळेल.

कामगाराने आजच काय करावे?

नियुक्तिपत्र, पगाराची स्लिप किंवा बँकेत पगार जमा झाल्याची नोंद आणि गेट पास यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत आणि घरच्या एका माणसालाही पाठवावेत. पगारातून ईएसआयची कपात होत असेल, तर विमा क्रमांक आजच मागून घ्यावा. ठेकेदाराबरोबर मूळ कंपनीचे नावही माहीत असावे, कारण ठेकेदाराच्या कामगारासाठी मुख्य मालकही जबाबदार धरला जातो.

अपघात झाल्यास त्याच दिवशी लेखी कळवावे. व्हॉट्सॲपवरचा संदेशही जपून ठेवावा. डॉक्टरला इजा कशी झाली ते खरे सांगावे. केसपेपरवर 'घरी पडला' असे लिहिले गेले, तर पुढे ते पुसणे कठीण असते. यंत्राचा आणि जागेचा फोटो, सोबत काम करणाऱ्यांची नावे, पोलीस पंचनाम्याची प्रत घ्यावी. १९२३ च्या कायद्यात दाव्यासाठी दोन वर्षांची मुदत होती, पण मुदतीच्या भरवशावर थांबू नये. उत्तर प्रदेश, बिहार किंवा मराठवाड्यातून आलेल्यांसाठी एक सोय लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुन्या कायद्यात १९९५ च्या दुरुस्तीनंतर दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा असे बंधन राहिले नव्हते. वारसांना ते राहत असलेल्या भागातही तो दाखल करता येऊ लागला.

कोऱ्या कागदावर सही मात्र कधीच करू नये. कामगारासाठी हा एका दाव्याचा प्रश्न असतो. पण त्याने टिकवलेली प्रत्येक नोंद देशाच्या आकड्यात एकाने भर घालते. पुढची मर्यादा ठरवताना, पुढचे परिशिष्ट बदलताना सरकारसमोर तोच आकडा असणार आहे. तो अपुरा असेल, तर भरपाईही अपुरीच राहील.